जांबोटीकडचं जुनं मातीचं घर, भिंतीला कमरेएवढी ओल, वॉटरप्रूफिंग करून घेऊ का?

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. घर जांबोटी रोडला, आजोबांच्या काळचं. जोतं चिऱ्याचं, वर दीड फुटी मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं. मी कामाला उद्यमबागला म्हणून बेळगावात भाड्यानं राहतो, घरात आई आणि काका दोघंच. काही वर्षांखाली बाबांनी आतबाहेर सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट मारून घेतला होता, तवा घर कसं झकास दिसायचं. आता मिरगाचा पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत आतल्या भिंतीला कमरेएवढी ओल, पोपडे पडूलालेत, खाली फरशीवर पांढरी पावडर, आईच्या ट्रंकेतल्या साड्यांनापण बुरशी धरलीय. आईला दमा आहे त्यामुळं जास्त काळजी.

एक कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला. तो म्हणतोय आतून वॉटरप्रूफ केमिकलचे दोन कोट मारू, त्यावर चार फूट टाइल्स, कौलाखाली ग्लास वूल आणि खाली पीव्हीसीचं सिलिंग, म्हणजे उन्हाळ्यात गरम नाही आणि पावसात ओल नाही. रेट ऐकून काकांनी चहापण नीट घेतला नाही. करावं का? की घर पाडून आरसीसी बांधावं असं सगळे सांगतात तेच खरं?

शहापूरकर_विनू
टाइल्स मार भावा आणि विषय संपव. आमच्या बोळात सगळ्यांनी तेच केलंय. मातीच्या भिंतीला किती दिवस जपत बसणार.

कणकुंबीचे_अण्णा
विनू, टाइल्स मारल्या की ओल जात नाही, नुसती दिसायची बंद होते. आणि तुमचं शहापूर वेगळं, आमच्याकडचा पाऊस वेगळा बाबा.

पोरा, मी जुन्या घरांचीच कामं करतो, गवंडीकामात आयुष्य गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो. आधी पाणी कुठनं येतंय ते बघ. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद घे, ओल आहे त्या भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटव आणि दोन दिवस हात लावू नको. नंतर बघ, कागदाच्या मागं, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला पाणी धरलं असेल तर ओल भिंतीतनं येतेय, आणि पुढच्या अंगाला धरलं असेल तर ती घरातल्या हवेतली वाफ आहे. दोन्हीकडं असलं तर दोन्ही रोग. त्याच्यावर औषध वेगवेगळं.

तू सांगतोस त्यावरनं मला तरी जमिनीतनं चढलेली ओल वाटते, कारण पांढरी पावडर. त्याला आपण लोणा म्हणतो, ते जमिनीतले नि भिंतीतले क्षार. दिव्याची वात तेल ओढते तसं माती नि चिरा खालचं पाणी वर ओढतात, ते पाणी भिंतीच्या तोंडाला येऊन सुकतं आणि क्षार तिथंच राहतात. पूर्वी भिंतीला माती-शेणाचं नाहीतर चुन्याचं लिंपण असायचं, त्यामुळं पाणी वीतभर चढलं की तिथनंच सुकून जायचं, त्याचा कुणाला पत्ता पण लागत नव्हता. आता आतबाहेर सिमेंट आणि वर ऑइल पेंट, म्हटल्यावर पाण्याला सुकायला वाटच नाही, मग ते वर वर चढत जातं आणि जिथं गिलावा फुटलाय तिथनं बाहेर पडतं. चार फूट टाइल्स लावल्यास तर पाचव्या फुटाला ओल दिसंल, लिहून ठेव. आणि वाईट म्हणजे मातीची भिंत आत भिजून लगदा होत असते ते बाहेरनं कळत नाही.

आता मला सांग, घरासमोर सीसी रस्ता झालाय काय? पागोळ्या कुठं पडतात? आणि पश्चिमेच्या भिंतीला झड लागते काय?

नंदगडची_सून
अण्णा बरोबर सांगतात. पण दादा, घरातल्या वाफेकडंपण बघा. गॅस जळताना त्यातनं पाणी तयार होतं, चौदा किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत वीस-बावीस लिटर पाणी वाफ होऊन घरातच फिरतं, वर भाताची, अंघोळीची वाफ वेगळी. चूल होती तेव्हा ती वाफ धुराबरोबर कौलातनं जायची, घर आतनं तापलेलं असायचं आणि वाशांना धूर बसल्यामुळं कीड लागत नव्हती. आता कुणी चूल परत पेटवा म्हणणार नाही, आईंना दमा आहे तर मुळीच नको. पण स्वयंपाकघरात वरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन बसवा, कपडे आतल्या खोलीत दोरीवर वाळत घालू नका (आमच्याकडं सासूबाई अजून घालतात, कोण बोलणार), पडवीत घाला. कपाट आणि ट्रंक भिंतीपासनं चार बोटं लांब आणि खाली लाकडी पाट. साड्यांचं निम्मं काम तेवढ्यानंच होईल.

निपाणीकर
आमच्याकडं काळी माती आहे, तिथं भिंतीच्या कडेला खणताना जपून, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घराला तडे जातात. खानापूरकडं तांबडी माती, तिथं चालतंय. एकाच जिल्ह्यात सगळ्यांना एकच उपाय लावू नये एवढंच.

खानापूरचा_पोरगा
अण्णा तुम्ही घर बघून गेल्यासारखं विचारताय. रस्ता झालाय, दोनदा झालाय, एकावर एक. पूर्वी जोत्याला तीन पायऱ्या होत्या आता एकच दिसते. गटार केलंच नाही, सांगून सांगून दमलो. पागोळ्या सरळ जोत्याच्या कडेला पडतात, तांबडा चिखल भिंतीवर दोन फूट उडतो. पश्चिमेला मागचं अंगण, तिथं झड लागते. प्लास्टिकचा कागद काकांना लावायला सांगितला, मागच्या अंगाला थेंबच थेंब, पुढं कोरडं.

कणकुंबीचे_अण्णा
मग आजार कळला की. पहिल्यांदा पाणी घरापासनं लांब काढ, भिंतीला हात नंतर. कौलाच्या कडेला पन्हळ लाव, त्याचा पाइप लांब परसात सोड. रस्ता तर आता खाली जाणार नाही, म्हणून रस्ता आणि जोतं यांच्यामध्ये, भिंतीपासनं दीड-दोन फूट सोडून चर खण, तळाला उतार दे, मोठी खडी भर आणि पाणी उताराकडं बाहेर काढ. पायाच्या खाली जाऊ नको, पाया उघडा पडला तर भिंत खचते. भिंतीलगतची माती घराकडनं बाहेर उतरती कर. तिथं सिमेंटचा पट्टा ओतू नको, खालचं पाणी परत भिंतीतच चढतं.

पश्चिमेच्या भिंतीला जुनी माणसं पावसाआधी गवताची ताटी बांधायची. आता कोण बांधतंय, पण ताडपत्री बांधलीस तरी चालंल, फक्त भिंतीला चिकटवून नको, मधी हात जाईल एवढी जागा ठेव.

सिमेंट काढायचं ते दिवाळीनंतर. खालचा तीन-चार फुटांचाच पट्टा काढ, तोही एकदम सगळा नको, एकेका भिंतीचा तुकडा. ओली माती सिमेंटबरोबर सुटून येते, कधी कधी हातभर खड्डा पडतो, म्हणून छताला टेकू दिल्याशिवाय वजन येतं त्या ठिकाणी हात घालू नको. मग भिंत सुकू दे. एका बाजूनं सुकणारी भिंत इंचाला महिनाभर घेते असा हिशेब धरतात, तुझी दीड फुटी आहे, दोन्ही बाजूंनी सुकली तरी किती ते तूच बघ. तोवर लोणा येत राहील, कोरड्या कुंच्यानं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की विरघळून परत आत जातो.

शहापूरकर_विनू
अण्णा एवढं सगळं ऐकून मीच माझ्या टाइल्स काढाव्या म्हणतोय. पण चुन्याचं काम करणारा गवंडी आता मिळतो कुठं?

सिव्हिलवाला_टिळकवाडी
छताबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ग्लास वूल आणि पीव्हीसी सिलिंग कौलाखाली नकोच. मंगळुरी कौलातनं झडीच्या पावसात तुषार आत येतात, ते वूलमध्ये जाऊन बसणार, ओलं झालं की त्याचा उष्णता अडवायचा गुण जातो, आणि खाली पीव्हीसी असल्यानं वासे आत कुजतायत ते दिसणार नाही. शिवाय उंदरांची सोय. कौल काढून पत्रा घालायचा विचार असेल तर तोही नको, पहाटे थंडीत खालून पाणी ठिबकतं आणि मार्च-एप्रिलमध्ये भट्टी.

कौलाच्या घराला जुना चांगला उपाय आहे, सिलिंगची कौलं. त्याच रिपांवर खाली सपाट कौल आणि वर मंगळुरी, मध्ये हवा राहते, तीच इन्सुलेशन. नवी नाही मिळाली तर पाडलेल्या घरांची मिळतात, खानापूर भागात विचारा. बजेट कमी असेल तर फॉइलची शीट लावा पण कौल आणि शीट यांच्यात दोन इंच मोकळे ठेवा, चकाकती बाजू त्या मोकळ्या जागेकडं, आणि आढ्याजवळ हवा जायला फट. भिंतींना इन्सुलेशनची गरजच नाही, दीड फुटी माती दुपारचा ताप संध्याकाळपर्यंत आत येऊ देत नाही. अट एकच, ती कोरडी पाहिजे.

वाशांना कीड असेल तर बोरॅक्स-बोरिकचं पाणी उन्हाळ्यात कुंच्यानं लावा. काजूच्या टरफलाचं तेल पण लावतात, पण ते कातडी भाजतं, हातमोज्याशिवाय नको.

खानापूरचा_पोरगा
लय उपकार मंडळी. कॉन्ट्रॅक्टरला नको म्हणून कळवलं, आता पन्हळ आणि चर गणपतीच्या आधी उघडीप मिळाली की करूया म्हणतोय. अण्णा, गिलावा कशाचा करायचा ते राहिलं. बाजारात पिशवीतला चुना मिळतो तो चालेल? काका म्हणतात गूळ घालायचा.

कणकुंबीचे_अण्णा
गूळ, हिरडा घालतात, काका चूक नाहीत, पण आधी चुना नीट पाहिजे. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे कोरडे खडे आण, हौदात पाण्यात विरव, कमीत कमी दोन आठवडे पाण्याखाली ठेव, जास्त ठेवलास तर आणखी चांगला. विरताना उकळतो, डोळे सांभाळ, घरातल्या पोरांना लांब ठेव. भिंत मातीची आहे म्हणून पहिला थर मातीचाच, भाताचा तूस घालून, तो सुकला की वर चुना एक भाग आणि वाळू तीन भाग. खालच्या पट्ट्यात थोडी सुरखी घाल, विटांच्या भट्टीवर अर्धवट भाजलेल्या विटा फुकट पडलेल्या असतात त्या कुटून चाळून घे, ओलीत चुना धरायला तिची मदत होते. वरनं चुन्याची सफेदी, ऑइल पेंट नाही, प्लास्टिक पेंट नाही, आई कितीही म्हणाली तरी.

चुना हवेनं हळूहळू घट्ट होतो, त्यामुळं शिमग्याच्या आत काम उरकलं पाहिजे, पावसाच्या तोंडावर केलास तर धुऊन जाईल. विनूला गवंडी पाहिजे होता, तर आमच्याकडं दोन पोरं शिकलेत, दिवाळीनंतर इथंच लिही, पाठवतो.