नर्सिंग सुधारायचंय? आधी सिस्टरच्या हातातली धोबी वही काढून घ्या

सातची_पाळी (धागाकर्ते)

मोठ्या रुग्णालयात शिरलं की स्वागतकक्षामागे ‘नर्सिंग एक्सलन्स’चं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं दिसतं. आपल्याकडे ते एनएबीएच (रुग्णालयांचा दर्जा तपासणारी संस्था) देतं, अमेरिकेत ‘मॅग्नेट’ आहे. या मॅग्नेटचा उगम बघण्यासारखा आहे. तिकडे नर्सचा तुटवडा होता, तरी काही रुग्णालयांतून नर्स हलत नव्हत्या. १९८३च्या अभ्यासात अशी ४१ रुग्णालयं निवडून तिथं वेगळं काय आहे ते तपासलं गेलं. लोहचुंबकासारखी माणसं धरून ठेवतात, म्हणून हे नाव. पहिला मान १९९४ मध्ये सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन मेडिकल सेंटरला मिळाला. म्हणजे मूळ प्रश्न होता ‘इथं नर्स का टिकते?’ आपल्याकडे येईतो त्याचं ‘फाइल लागली का?’ झालं.

आता ३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड घ्या, सकाळपाळी. सिस्टरच्या हातात काय असतं? धोबी वही (धुण्याला गेलेल्या-आलेल्या चादरींचा हिशेब), डाएट शीट, फार्मसीचा इंडेंट (मागणीपत्र), उरलेली औषधं परत केल्याची नोंद, एक्स-रेला तीनतीनदा फोन, संपत आलेला सिलिंडर, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांचं वजन, डिस्चार्जच्या बिलासाठी चाललेली ओरड. यातल्या एकाही कामाला जीएनएमची (नर्सिंगची) पदविका लागत नाही. आणि याच वेळात आठचे डोस द्यायचे असतात.

उपाय महागडा नाही. सकाळ-दुपार प्रत्येकी एक वॉर्ड क्लार्क नेमा. चादरी मोजणं बंद करा. खाटेमागे तीन संच ठरवा (एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात), वर दहा जादा. ३० खाटांना १०० झाले. लॉन्ड्रीचा माणूस जितक्या मळक्या नेईल तितक्याच धुतलेल्या ठेवील. मोजायचं असेल तर महिन्यातून एकदा मोजा.

रोटावाला

साफ असहमत. धोबी वही काढली तर सिस्टरची चाळीस मिनिटं वाचतील. वॉर्डात माणूसच नसेल तर ती चाळीस मिनिटं पुरणार कुठं?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सगळे तोंडपाठ म्हणून दाखवतात: शिकवणाऱ्या रुग्णालयात १:३ (तीन खाटांमागे एक नर्स), इतरत्र १:५, वर ३० टक्के रजा-राखीव. ऐकायला छान. पण हा एकूण नर्सचा हिशेब आहे, एका पाळीतला नव्हे. १:३ धरून ३० खाटांना १० नर्स, राखीव धरून १३. आता वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, साधारण २० सणावारांच्या, ८ किरकोळ, ३० अर्जित, १० आजारपणाच्या वजा करा. हाती राहिल्या २४५ ड्युट्या. १३ गुणिले २४५ म्हणजे ३१८५. भागिले ३६५, म्हणजे दिवसाला पावणेनऊ. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री दोन असं मांडलं तरी नऊ लागतात. कागदावर १:३, आणि रात्री एकीला पंधरा रुग्ण. हे सगळी पदं भरलेली असताना. प्रसूती रजा अजून धरलेलीच नाही.

प्रत्येक पाळीत खरोखर १:६ हवं असेल तर ५ नर्स गुणिले ३ पाळ्या गुणिले ३६५, म्हणजे ५४७५ ड्युट्या. भागिले २४५. २३ नर्स लागतात. १३ आणि २३ यांतला फरक क्लार्क भरून काढणार का?

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला, २००४ पासून लागू झाला, २००५ पासून मेडिकल-सर्जिकल वॉर्डात १:५, आयसीयूत १:२. तेही पाळीगणिक, आणि जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. एक जेवायला गेली की तिचे रुग्ण शेजारणीच्या गळ्यात, ही सोय तिथं नाही. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास आला: नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांची ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

सातची_पाळी

२००२चा आकडा दिलात तर त्याच गटाचं २०११चं कामही सांगा. नर्समागचा एक रुग्ण कमी केल्याचा फायदा चांगल्या कार्यवातावरणाच्या रुग्णालयांत ९-१० टक्के दिसला, मध्यम ठिकाणी ४, आणि वाईट वातावरणात जवळजवळ शून्य. माणसं वाढवा हो, पण वाढवलेली माणसं चादरीच मोजणार असतील तर रुग्णाला काय मिळालं?

पन्नासखाटा

दोघंही सरकारी किंवा कॉर्पोरेट रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून बोलताय. तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम चालवणाऱ्यानं काय करायचं?

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस: २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० ला फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, पन्नासच्या आत किमान २०,०००. ही शिफारसच आहे, अंमल राज्यांवर सोडलेला. तरी २०,००० धरा. रोटावाल्यांच्या २३ नर्सचे महिना ४ लाख ६० हजार. ७० टक्के खाटा भरल्या तर महिन्याला ६३० रुग्णदिवस. म्हणजे रुग्णामागे रोज ७३० रुपये निव्वळ नर्सिंगचे. जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये सगळं एका रकमेत येतं, नर्सिंगची वेगळी ओळ नसते. मग कात्री कुठं लागते ते सांगायला नको.

शिवाय मुलगी सहा महिन्यांत तयार होते, वर्षभरात सरकारी भरती नाहीतर आखात. टिकवायचं कशाच्या जोरावर?

रोटावाला

@पन्नासखाटा, गणित बरोबर, पण रोज ७३० हा आकडा पाहून मला उलट वाटलं. तासाला तीस रुपये. बाहेर दुचाकी लावायला तेवढे जातात काही ठिकाणी.

टिकण्याचं म्हणाल तर पगाराखालोखाल कारण रोटा, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक. पुढच्या महिन्याचा रोटा २५ तारखेला लागला, रात्रपाळ्या सलग तीनच्या वर नाहीत, आणि नाइट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुट्टी) कापून डबल ड्युटी लावली जात नाही, एवढं पाळून बघा. याला पैसा लागत नाही.

क्वालिटी_डेस्क

धागाकर्त्यांनी कागदकाम सरसकट बडवलंय, ते खटकलं. धोबी वही आणि ड्रग चार्ट एका टोपलीत टाकू नका. काही सह्या जीव वाचवतात.

इन्सुलिन घ्या. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीची कुपी आणि १०० ची, दोन्ही चालतात. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. १०० ची इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढली की अंगात जातात ५० युनिट. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध): कुप्या दोन्ही ५ मिलीच्याच, एकीत एकूण ५,००० युनिट, दुसरीत २५,०००. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्याशेजारी ठेवली आणि घाईत तीच इंजेक्शनची पावडर कालवायला फोडून थेट शिरेत ढकलली, तर हृदय थांबतं. म्हणून पोटॅशियम वॉर्डाच्या उघड्या ट्रेमध्ये नकोच, कुलपात हवं. आणि ही औषधं देताना दुसरीने कुपी, सिरिंज, चार्ट स्वतंत्रपणे वाचायचा. पहिलीने “वीस आहे ना?” विचारायचं आणि दुसरीने “हो” म्हणायचं, याला दुहेरी तपासणी म्हणत नाहीत.

डोस देताना मधेच येणाऱ्या फोन-कामांच्या व्यत्ययाबद्दल मात्र धागाकर्त्यांशी सहमत. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ नर्सनी दिलेले ४,२७१ डोस पाहिले गेले (२०१०). दर व्यत्ययामागे औषध देण्याच्या पद्धतीतल्या आणि औषधाच्या, दोन्ही चुका १२ टक्क्यांच्या आसपास वाढल्या. त्यावर ‘मला हाक मारू नका’ छापलेली जाकिटं घालण्याची टूम निघाली. नातेवाईक जाकीट वाचत नाहीत हो. औषधं काढायला दार असलेली छोटी खोली द्या, आत फोन ठेवू नका, आठ ते साडेनऊ भेटीची वेळ आणि डॉक्टरांचा राउंड दोन्ही नकोत.

रात्रपाळी

+१, पण रात्री दोन वाजता ही दुसरी सिस्टर आणायची कुठून? रोटावाल्यांच्याच हिशेबाने तीस रुग्णांना दोघी आहेत. दोघी मिळून इन्सुलिन वाचत असताना बाकीच्या वॉर्डाकडे बघतं कोण? नियम लिहिताना रात्र कुणाला आठवत नाही. परिणाम ठरलेला: पहाटे पाचला सगळ्या सह्या एकदम.

दुसरं, हँडओव्हर. सहा-सहा-बारा तासांच्या पाळ्यांच्या पद्धतीत एकीची पाळी आठला संपते, दुसरीची आठलाच सुरू होते. मधला वेळ शून्य. खाटेपाशी उभं राहून हँडओव्हर द्यायचा तर रुग्णामागे एक मिनिट, तीस मिनिटं झाली: सलाइनचा वेग, कॅथेटरची पिशवी, अ‍ॅलर्जीचा पट्टा, माकडहाड आणि टाचा (पडून राहून जखमा तिथंच होतात). ही तीस मिनिटं कुणाच्या पगारात? कुणाच्याच नाही. म्हणून हँडओव्हर टेबलावर, वही उघडून, पर्स खांद्याला लावून होतो. माकडहाडावरची लाली त्या वहीत दिसत नाही. आयसीयूत नॉरअ‍ॅड्रिनॅलिनची (रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज आठ-पाचला संपणार असते, आणि बदलणार कोण हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नसतं. ती साडेसातला भरून, नाव-वेळ लिहून तयार हवी आणि हँडओव्हरआधीच बदललेली हवी.

कूस बदलण्याचंही गणित मांडूनच टाकतो. अंथरुणाला खिळलेले दहा रुग्ण, दर दोन तासांनी, म्हणजे दिवसाला १२० वेळा. दोन माणसं, चार-चार मिनिटं. ९६० मिनिटं. सोळा तास रोजचे! यात मावशी-मामांचा (वॉर्डातल्या मदतनीसांचा) हात नसेल तर हे फक्त चार्टवरच होतं.

अवांतर: मुंबईच्या केईएमच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना ४२ वर्षं सांभाळलं, पडून राहून होणारी एक जखम होऊ दिली नाही. १९७३ मध्ये त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या, तिथं हल्ला झाला. नर्सिंगच्या दर्जावर बोलताना कुलूप लागणारी चेंजिंग रूम आणि रात्री दिवे असलेला जिना हे कुठल्या रकान्यात येतं?

क्वालिटी_डेस्क

@रात्रपाळी, पाच वाजताच्या सह्यांचा मुद्दा मान्य. म्हणून रात्री दुहेरी तपासणी चारच औषधांपुरती ठेवावी: इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, गुंगीची औषधं. यादी वीसची केली की चारही सुटतात.

पण चुका कळायला हव्यात ना? चूक होता होता वाचली तर बिननावाची चिठ्ठी पेटीत टाका म्हणतो, पेटी रिकामी.

रोटावाला

रिकामीच राहणार. पहिल्या चिठ्ठीनंतर “आपणाकडून लेखी खुलासा मागविण्यात येत आहे” असा कागद आला की दुसरी पडते का? सुई टोचल्याचंही तेच. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवी. रात्री ती कॅज्युअल्टीत ठेवलेली नसेल आणि सकाळी आधी “सुईला टोपण का लावत होतीस?” हे ऐकायचं असेल, तर सिस्टर बोट धुऊन गप्प बसते.

पन्नासखाटा

हे मात्र लहान दवाखान्यालाही जमेल. गोळ्यांचा एक संच ठेवायला खर्च नाही. क्लार्कचंही जमेल, एक रिसेप्शनची मुलगी दुपारपर्यंत वर पाठवता येईल. २३ नर्स नाही जमणार, स्पष्ट सांगतो.

रात्रपाळी

@सातची_पाळी, एक राहिलंच. सरकारी वॉर्डात चादरी जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीवर असतात आणि मोजणीत कमी भरल्या की जबाब इनचार्ज सिस्टरचा. वही क्लार्ककडे दिली, जबाबदारी तिच्याच नावावर राहिली, तर ती रोज दोनदा मोजणार. आधी तो शिक्का कुणाच्या नावाचा ते बदला.

सातची_पाळी

बरोबर. तो मुद्दा धाग्यात सुटलाच होता. चार्ज लॉन्ड्रीच्या नावे हवा, वॉर्डाच्या नाही.

रोटावाला

आणि क्लार्कची पदं भरलीत का कुठं?