लिफ्टशिवाय पहिली स्की-टूर: चौघे जण, बीकन तीन. बेत तपासून द्याल का?

उतरंड:
आम्ही चौघे. रिसॉर्टच्या अवघड उतारांवर सगळ्यांना नीट जमतं, पण स्किन्स (स्कीच्या तळाला चिकटवायच्या, चढताना मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या) लावून चढायची पहिलीच वेळ. एका बाजूने ५ किमी, चढाई ६०० मीटर, उतरायचं त्याच वाटेने. हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोक्याची पातळी २ आहे आणि उत्तरेकडच्या उतारांवर वाऱ्याने साचलेल्या बर्फाचा इशारा आहे. तीन प्रश्न:
१) बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओ-यंत्र) तीनच आहेत. चौथा कायम मधे चालला तर भागेल का?
२) स्किन्स भाड्याच्या आहेत, ग्लू जरा मेल्यासारखा वाटतो. दिवस निघेल का?
३) ९ वाजता निघालं तर उशीर होईल का?

धारकरी:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. चौथं बीकन भाड्याने मिळालं नाही तर बेत रद्द करा. मधे चालल्याने कोणी सापडत नाही. बीकन नसलेला माणूस गाडला गेला की उरतं ते ओळीने प्रोब (बर्फात खुपसायची लांब घडीची काठी) टोचत जाणं, आणि त्याला फार वेळ लागतो. जगण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. शिवाय इतर कोणी गाडलं गेलं तर बीकन नसलेल्याला शोधही घेता येत नाही.

प्रत्येकाकडे तिन्ही वस्तू हव्यात: तीन अँटेनांचं ४५७ किलोहर्ट्झचं बीकन, किमान २४० सेमीचा प्रोब आणि धातूच्या पात्याचं फावडं. स्खलन थांबलं की बर्फ घट्ट बसतो, त्यात प्लास्टिकचं पातं मोडतं. फावडं सॅकच्या आत ठेवा, बाहेर लटकवलेलं स्खलनात निसटून जातं. मोबाइल बीकनपासून सेंडमध्ये (ते संदेश पाठवत असताना) २० सेमी आणि सर्चमध्ये (शोधत असताना) ५० सेमी लांब हवा. तापणारे हातमोजे आणि चुंबकाच्या बटणांनाही हाच नियम.

निघताना तपासणी: एक जण सर्चमध्ये, बाकीचे सेंडवर ठेवून अंतराने त्याच्यासमोरून जातात. मग तो सेंडवर येतो आणि बाकीच्यांपैकी एक जण त्याचं तपासतो. हे दुसरं पाऊल हमखास गळतं आणि पुढारीच दिवसभर सर्चमध्ये फिरत राहतो.

सराव आदल्या दिवशी करा. एक बीकन डब्यात घालून पुरा. शोधताना पडद्यावरचा अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की बीकन बर्फाला टेकवून हळू न्या, दिशा न बदलता आधी सरळ, मग आडवं. सर्वांत कमी आकडा जिथे येईल तिथून २५ सेमी अंतराने चक्राकार प्रोब टोचा, उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात. लागला की प्रोब तसाच ठेवा. खणायला सुरुवात प्रोबच्या खालच्या बाजूने, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून. थेट वरून खड्डा पाडलात तर गाडलेल्याच्या अंगावर उभे राहाल आणि बर्फ टाकायला जागाही उरणार नाही.

समोच्चरेषा:
धारकरींनी जे सांगितलं ते स्खलन झाल्यानंतरचं. त्याच्या आधीचं नकाशावर ठरतं, आणि प्रश्नात तेच दिसत नाही: वाट किती अंशांच्या उतारावरून जाते?

माणसांना गाठणारी बहुतेक स्लॅब स्खलनं (बर्फाच्या थराची अख्खी लादी सुटते ती) ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. पहिल्या टूरला ३० च्या खालीच राहा. १:२५,००० च्या नकाशावर रेषा २० मीटरच्या असतील तर ३० अंशांना दोन रेषांत १.४ मिमी अंतर येतं. त्याहून कमी दिसलं की उतार तीव्र. पण ८-१० मीटरचा छोटा टप्पा दोन रेषांमध्ये लपतो, म्हणून जागेवरही क्लिनोमीटरने (उताराचा कोन दाखवणाऱ्या साधनाने) मोजा. तुम्ही २५ अंशांवर असलात आणि डोक्यावर ३८ अंशांचा उतार असला, तर तो तुमचाच उतार समजा. अरुंद घळीच्या तळाशी थांबू नका, थोडा बर्फ सुटला तरी तिथे खोल साचतो.

पातळी २ म्हणजे ‘मध्यम’, ‘सुरक्षित’ नव्हे. बुलेटिन जो उत्तरेचा उतार दाखवतं तो वाटेत येत असेल तर दुसरी सोंड निवडा. पायाखाली ‘धुप्प’ आवाज होऊन बर्फ बसला, स्कीपासून तडे धावले किंवा तशाच बाजूला ताजं स्खलन दिसलं, तर चर्चा नको, मागे फिरा. चौघांपैकी एकालाही नको वाटलं तर परत, हे घरीच ठरवा. वर पोचल्यावर कोणी तोंड उघडत नाही.

वेळेचं गणित: किलोमीटर अधिक दर १०० मीटर चढाईला १, भागिले ४. तुमचे ५ + ६ = ११, म्हणजे पावणेतीन तास. नवख्यांना थांबे आणि स्किन्स काढण्याघालण्याला पाऊण तास धरा. उतरताना भागिले १०, म्हणजे तासाभराच्या आसपास. कडक थंडीत ९ चालेल. वसंतात ऊन तापलं की पूर्वेचे उतार सकाळीच मऊ पडतात, तेव्हा उजाडायच्या आत निघा. परतीची वेळ आधी ठरवा, शिखर आलं नाही तरी ती पाळा.

उतरताना एकेक जण, आणि थांबायची जागा स्खलनाच्या मार्गाबाहेर. पोलचे पट्टे मनगटातून काढा.

स्किनवाला:
ग्लू थंडीत तपासा, घरात सगळ्याच स्किन्स चिकटतात. स्की आणि स्किन तासभर बाहेर ठेवा, चिकटवा, सोला, पुन्हा चिकटवा. शेपटीकडून उचलली जात असेल तर बदलून मागा. दोन्ही कडांचं पोलाद साधारण २ मिमी उघडं राहिलं पाहिजे, नाहीतर आडव्या उतारावर कडा धरत नाहीत.

टूरमध्ये: लावण्याआधी स्कीचा तळ पुसून कोरडा करा. काढलेल्या स्किन्स जाकिटाच्या आत ठेवा. प्रत्येकाने दोन रबरी स्ट्रॅप घ्या, ग्लू मेला तर शेपटी त्यानेच बांधायची. उन्हात ओलावलेली स्किन सावलीतल्या कोरड्या बर्फात गेली की खाली गोळे धरतात, त्यासाठी निघण्यापूर्वी स्किन वॅक्स केसांच्या दिशेने घासा. आणि पाय उचलू नका, सरकवा. स्किन घसरली की सगळे पुढे झुकतात, मग टाचेवरचा भार जातो आणि ती आणखी घसरते. टाचेखालचा उंचवटा एक पायरी कमी करून पाहा.

रात्री हीटरवर वाळवू नका, ग्लू वितळतो.

पिन_बाइंडिंग:
बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या जोडणीच्या) पुढच्या पिनांखाली बर्फ साचला तर पकड पूर्ण मिटत नाही आणि पहिल्याच वळणाला स्की सुटते. पोलच्या टोकाने खरवडा, टाच दाबण्याआधी बूट चार-पाचदा वरखाली हलवून पाहा. पुढची कळ चढताना लॉक, उतरताना मोकळी. बऱ्याच बाइंडिंगच्या स्क्रूला ३ नंबरचा पोझिड्राइव्ह बिट लागतो. तिथे साधा फिलिप्स वापरलात तर खाच झिजते.

उतरंड:
चौथं बीकन बुक केलं. वाट दक्षिणेच्या सोंडेवर हलवली, सगळीकडे २८ च्या आत. शेवटचं: एकाकडे चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आहेत, चालतील? आणि एअरबॅग (स्खलनात ओढली की फुगणारी पिशवी असलेली सॅक) घ्यावी का?

धारकरी:
बीकन साध्या सेलचं असेल तर चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या नकोत, बहुतेक कंपन्या अल्कलाइनच मागतात. चार्ज होणाऱ्यांचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो आणि मग एकदम पडतो, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी खोटी ठरते. सगळे सेल एकाच वेळी, एकाच कंपनीचे घाला. मोसम संपला की काढून ठेवा, गळलेल्या सेलने टोकं खराब होतात.

एअरबॅगने गाडलं जाण्याची शक्यता घटते, पण झाडावर आपटणं किंवा कड्यावरून पडणं ती रोखत नाही. आधी चौघांचा हिमस्खलन कोर्स, पैसे उरले तर एअरबॅग.

स्किनवाला:
नळीच्या पिशवीतलं पाणी नळीतच गोठतं. बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या टोकाला धरतो आणि झाकण मोकळं राहतं.