स्नोमोबाईलने मेनहून क्वेबेकला: सीमा, कागदपत्रे आणि थंडी यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बॉस्टनजवळ राहतो. फेब्रुवारीत शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी) घेऊन पाच दिवस कॅनडात जाण्याचा विचार आहे. जाणारे चौघे: मी, पत्नी, माझे थोरले बंधू आणि त्यांची १५ वर्षांची मुलगी. वहिनी येणार नाहीत. थंडीत मुद्दाम जाऊन अधिक थंडी शोधणे त्यांना मान्य नाही, आणि त्यावर आमच्याकडे उत्तरही नाही. दादाकडे दोन आसनांच्या दोन गाड्या आहेत आणि गेले तीन हिवाळे आम्ही अमेरिकेतील मेन राज्याच्या उत्तर भागात त्या चालवत आहोत, त्यामुळे गाडी चालवण्याविषयी शंका नाहीत. शंका आहेत त्या सीमा ओलांडण्याविषयी.

बेत असा आहे. दोन्ही गाड्या ट्रेलरवर चढवून मेनमधील सीमेवरच्या मॅडवास्कापर्यंत जायचे, पूल ओलांडून कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील एडमंडस्टनला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून निघून क्वेबेकमध्ये शिरायचे. एडमंडस्टन ते रिव्हिएर-द्यू-लू या दरम्यान जुन्या रेल्वेमार्गावर तयार केलेला पेती तेमी नावाचा १३४ किलोमीटरचा मार्ग आहे. उन्हाळ्यात त्यावर सायकली चालतात, हिवाळ्यात स्नोमोबाईल. पुढे सेंट लॉरेन्स नदीच्या काठाकाठाने रिमूस्की आणि जमल्यास मतानपर्यंत जाऊन परतायचे आहे.

आता मुख्य अडचण. दादांकडे ग्रीनकार्ड आहे आणि पुतणी जन्माने अमेरिकन नागरिक आहे. मी एच-१बीवर (नोकरीसाठीच्या व्हिसावर) आहे आणि पत्नी एच-४वर (एच-१बीधारकाच्या जोडीदारासाठीच्या व्हिसावर). तिच्या पासपोर्टवरील अमेरिकन व्हिसा पुढील वर्षापर्यंत वैध आहे. माझा मात्र ऑगस्टमध्ये संपला. मुदतवाढ मंजूर झाली असून आय-७९७ (मंजुरीपत्र) आणि त्याच्या तळाशी जोडलेला नवा आय-९४ (कुठवर राहता येईल याची नोंद) हातात आहे, परंतु पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प जुनाच आहे. कॅनडातून परत येताना मला अमेरिकेत घेतील काय? कार्यालयातील एक जण म्हणतात की अशा स्थितीत देशाबाहेर पाऊल टाकणे हा शुद्ध वेडेपणा आहे. दुसरे म्हणतात की कॅनडासाठी खास सवलत आहे. दोघेही ठामपणे बोलतात, म्हणूनच मला दोघांचाही भरवसा वाटत नाही.

दुसरी शंका विम्याची. गाड्या दादांच्या नावावर आहेत आणि विमा प्रतिनिधी सांगतात की पॉलिसी कॅनडात चालते. क्वेबेकच्या हद्दीत ती पुरेशी आहे काय आणि दुसऱ्याच्या नावावरची गाडी मी चालवत असताना काही वेगळा कागद लागतो काय, हे कोणी स्वानुभवाने सांगितल्यास बरे होईल. पुतणीला थोडा वेळ गाडी चालवायला देता येईल काय, हाही प्रश्न तिच्याच आग्रहास्तव विचारतो आहे.

तिसरी शंका थंडीची, आणि तिच्यामागे मागच्या वर्षीचा अनुभव आहे. उणे २६ अंश सेल्सिअस तापमानात, वस्तीपासून बऱ्याच अंतरावर माझ्या गाडीचा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणारा पट्टा) तुटला. जादा बेल्ट सोबत होता. झाकण उघडून बसवायला गेलो तेव्हा कळले की दुकानदाराने भलत्याच मॉडेलचा दिला होता. (दुकानाचे नाव घेत नाही, पाकिटावरचा क्रमांक मी स्वतः तपासायला हवा होता.) हातमोजे काढून पाने फिरवताना पहिल्या दोन मिनिटांतच बोटांची टोके बधिर झाली, हेल्मेटच्या काचेवर आतून श्वास गोठून तिचा पांढरा पडदा झाला आणि बाहेरच्या खिशात ठेवलेला मोबाईल चाळीस टक्के बॅटरी दाखवता दाखवता बंद पडला. दादा मागून येत होते म्हणून निभावले. मार्ग अनोळखी, आजूबाजूला फ्रेंच बोलणारे लोक आणि मोबाईलला सिग्नल नाही, अशा वेळी काय तयारी असावी?

शेवटची शंका किरकोळ वाटेल, पण घरात सर्वाधिक चर्चा तिच्यावरच झाली आहे: पत्नी पूर्ण शाकाहारी आहे.

माहितगारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या कार्यालयातील दुसरे गृहस्थ बरोबर आहेत, पण अटींसह. या सवलतीला ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन म्हणतात आणि ती अमेरिकेच्या संघीय नियमावलीत, २२ सीएफआर ४१.११२(डी) येथे, लिहिलेली आहे. कॅनडातील मुक्काम ३० दिवसांपेक्षा अधिक नसावा, आपला एच-१बी दर्जा टिकून असावा, आय-९४ मुदतीत असावा, पासपोर्ट वैध असावा आणि त्या मुक्कामात आपण अमेरिकन व्हिसासाठी नव्याने अर्ज केलेला नसावा. ही शेवटची अट लोक विसरतात. "चाललोच आहोत तर तिथल्या वकिलातीत स्टॅम्पिंगही उरकून घेऊ" असा विचार केला, तर अर्ज करताच ही सवलत जाते आणि नवा व्हिसा मिळेपर्यंत परतीची वाट बंद होते.

मी स्वतः याच नियमावर दोनदा परत आलो आहे. एकदा अधिकाऱ्याने काही विचारले नाही. दुसऱ्यांदा वरिष्ठांना बोलावले आणि वीस मिनिटे बाकावर बसवले. नियमाची छापील प्रत, आय-७९७, आय-९४ आणि अलीकडच्या तीन पगारपावत्या एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात. मोबाईलमधील प्रतींवर विसंबू नये. त्याचे थंडीत काय होते ते आपण पाहिलेच आहे.

मात्र आपण परतीची काळजी करता आहात आणि जाण्याचा प्रश्न अजून सुटलेला दिसत नाही. भारतीय पासपोर्टवर एच-१बी आणि एच-४ धारकांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. शुल्क माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे पूर्वी दिलेले नसल्यास आणखी ८५ डॉलर. अर्ज मंजूर झाल्यावर स्टॅम्पसाठी पासपोर्ट पाठवावा लागतो, त्यामुळे आजच अर्ज करावा. बंधूंना तो व्हिसा लागणार नाही: एप्रिल २०२२ पासून ग्रीनकार्डधारकांना वैध पासपोर्ट आणि वैध कार्ड एवढेच पुरते. पुतणीची आई सोबत नसल्याने त्यांचे सहीचे संमतीपत्र, शक्यतो नोटरीकडून साक्षांकित करून, बंधूंनी जवळ ठेवावे.

आणखी एक गोष्ट विचारायला अवघड आहे, पण विचारतो. चौघांपैकी कोणावर मद्यपान करून वाहन चालवल्याचा जुना गुन्हा नाही ना? डिसेंबर २०१८ पासून कॅनडात या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांची झाली आणि त्यामुळे अमेरिकेत किरकोळ समजले जाणारे जुने प्रकरणही तिथे प्रवेश नाकारायला पुरेसे ठरू शकते.

दुसरा प्रतिसाद

मी माँट्रियलमध्ये राहते आणि दर हिवाळ्यात आम्ही त्या बाजूला जातो. ट्रेलरवर गाड्या घालून पुलावरून जाण्याचा आपला बेत अगदी योग्य आहे, तो बदलू नका. त्या भागात सेंट जॉन नदी हीच सीमा आहे, ती गोठलेली असते आणि पलीकडच्या काठावरचे पेट्रोलपंपाचे दिवेसुद्धा दिसतात. म्हणून कोणीही "पाच मिनिटांत जाऊन येतो" असे म्हणू नये. जिथे सीमा जमिनीवरून जाते, तिथे जंगलात झाडे तोडून सुमारे सहा मीटर रुंदीचा सरळ पट्टा राखलेला असतो. बर्फ पडल्यावर तो स्नोमोबाईलच्या मार्गासारखाच दिसतो, पण तो मार्ग नव्हे. २००२ साली क्वेबेकमधील पोहेनेगामूक गावचा एक रहिवासी सीमेच्या काही पावले पलीकडे, मेनच्या हद्दीतील पंपावर पेट्रोल भरायला गेला. सारे गाव वर्षानुवर्षे तिथेच भरत असे. चौकीवर नोंद न केल्याबद्दल त्याला पकडले, गाडीत शिकारीची बंदूक सापडली आणि तो ३५ दिवस कोठडीत राहिला. तो कॅनडाचा नागरिक होता. आपल्यासारख्या व्हिसाधारकाला हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

विम्याविषयी: क्वेबेकमध्ये किमान १० लाख कॅनेडियन डॉलरचे दायित्व संरक्षण (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) बंधनकारक आहे. "पॉलिसी कॅनडात चालते" हे प्रतिनिधीचे वाक्य खरे असेलही, पण रक्कम किती हे त्यांनी सांगितलेले नाही, आणि प्रश्न रकमेचाच आहे. ती वाढवून घ्या आणि लेखी पत्र मागा. गाड्यांची मूळ नोंदणीपत्रे आणि "माझी गाडी माझा भाऊ चालवील" असे बंधूंचे सहीचे पत्र सोबत असावे. ते चौकीवर कोणी पाहील असे नाही, पण वाटेत पोलिसांनी किंवा मार्गावरच्या गस्तीने थांबवले आणि बंधू दोन किलोमीटर पुढे निघून गेले असतील तर तेच उपयोगी पडते. मार्गांसाठी दोन वेगवेगळे परवाने लागतील: न्यू ब्रन्सविकमध्ये तिथल्या स्नोमोबाईल महासंघाचा आणि क्वेबेकमध्ये क्वेबेकच्या स्नोमोबाईल महासंघाचा प्रवेशहक्क. दोन्ही आधीच ऑनलाइन काढता येतात. पुतणीला मात्र मागच्याच आसनावर बसावे लागेल. क्वेबेकमध्ये १६ वर्षांखालील व्यक्तीला चालवण्यास मनाई आहे. मार्गावरील कमाल वेग ताशी ७० किलोमीटर आहे. तो पाळाच, विशेषतः अंधार पडल्यावर, कारण बर्फ सपाट करणारी अवजड यंत्रे रात्री निघतात आणि वळणावर समोर आलेले ते धूड अख्खा रस्ता व्यापून असते.

घड्याळाकडेही लक्ष द्या. न्यू ब्रन्सविक मेन आणि क्वेबेक या दोहोंच्या एक तास पुढे आहे, म्हणजे आपल्या एकाच सहलीत घड्याळ चार वेळा बदलेल. आम्ही एकदा याच घोळात उपाहारगृह बंद झाल्यावर पोहोचलो आणि रात्री बिस्किटांवर राहिलो.

थंडीसाठी: मोबाईल आतल्या थराच्या खिशात, अंगाला लागून ठेवा. गरम होणारी काच असलेले हेल्मेट महाग असले तरी घ्या. प्रत्येक गाडीचा जादा बेल्ट निघण्यापूर्वी घरीच एकदा बसवून पाहा आणि तो बसवताना पातळ लोकरी हातमोजे घालून सराव करा. उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र एक तरी असू द्या. गाड्या दोन असल्या तरी ते बंधूंकडे नव्हे, मागे राहणाऱ्याकडे द्यावे. टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरावी.

शाकाहाराविषयी: पुतीन हा बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज आणि गरम रस्सा घातलेला पदार्थ सगळीकडे मिळतो आणि शाकाहारी दिसतो, पण तो रस्सा बहुधा मांसाच्या अर्काचा असतो. वाटाण्याच्या सुपातही हॅम असते. "सां व्हियांद" म्हणजे मांसाशिवाय, एवढे शब्द पाठ करून ठेवा. आम्ही भाजलेले पोहे, दाण्याचे कूट आणि मेतकूट पिशव्यांत भरून नेतो आणि खोलीतील किटलीच्या पाण्यात भिजवतो. चौकीवर खाण्याच्या सर्व वस्तू स्वतःहून सांगाव्यात. ताजी फळे आणि सरपण नेऊच नये.

धागालेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज काल रात्री भरला. पत्नीचे ठसे पूर्वी दिलेले असल्याने तिचे ८५ डॉलर वाचले. विमा प्रतिनिधींना रकमेविषयी विचारले असता ते काही क्षण गप्प राहिले आणि मग आमचे संरक्षण तीन लाखांचे आहे असे म्हणाले, म्हणजे प्रश्न योग्य ठिकाणीच लागला. नवे पत्र या आठवड्यात मिळेल. एकच शंका उरली आहे: आमचे व्हिसा वेळेत न आल्यास दादा आणि पुतणीने पुढे जावे आणि आम्ही मेनमध्येच गाडी चालवावी, असा पर्याय ठेवला आहे. अशा वेळी एका गाडीने एकट्याने क्वेबेकच्या मार्गांवर जाणे कितपत शहाणपणाचे ठरेल?

दुसरा प्रतिसाद देणारीकडून

एका गाडीने लांबचा पल्ला घेऊ नये, विशेषतः सोबत मूल असताना. बंधूंना जायचेच असल्यास त्यांनी एडमंडस्टनला मुक्काम ठेवून दिवसा तेमिस्कुआता सरोवरापर्यंत जाऊन संध्याकाळी परत यावे. नाही तर चौघांनी मिळून मेनमध्येच राहावे. क्वेबेकमध्ये मार्चच्या पहिल्या आठवड्यातही बर्फ चांगला असतो आणि तोवर आपले पासपोर्ट परत आलेले असतील.