शब्दचर्चा : हळदीला येतो तो 'बेंजो' मूळचा कुठला?

निवांत :
पुतण्याची हळद पेणजवळच्या गावी आहे. बेंजो सांगून झाला, सुपारीही दिली. होणारी सूनबाई न्यू जर्सीत लहानाची मोठी झालेली, तिच्या दोन मैत्रिणी येणार आहेत. त्यांच्यासाठी कार्यक्रमाचा कागद इंग्रजीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, 'संध्याकाळी सात, बेंजो'. लगेच तिचा फोन. "काका, बँजो म्हणजे तो गोल, कातडं लावलेला, काउबॉय वाजवतात तो? एकच माणूस येणार?" मी म्हटलं, अगं अकरा जण आहेत. आणि टेम्पो आहे.
ती गप्पच झाली. फोन ठेवल्यावर मीही विचारात पडलो. आपला बेंजो लांबट पेटीसारखा, वर टाइपरायटरची असावीत तशी बटणं. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नातं काय? मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश चाळला, काही सापडलं नाही. लिहायचं कसं, बेंजो की बँजो? आणि मुख्य म्हणजे इंग्रजी कागदावर काय छापू?

गिरणगावकर :
पहिलं म्हणजे बेंजो हे नुसतं वाद्य नव्हे हो, बेंजो म्हणजे अख्खी पार्टी. 'बेंजो आला' म्हटलं की ढोल, ताशा, कॅसियो, ऑक्टोपॅड, भोंगे, जनरेटर आणि मागून चहाची किटली घेऊन चालणारा पोऱ्या, सगळं आलं. (आणि कॅसियो म्हणजे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड. ती वेगळी शब्दचर्चा.)
आता वाद्य. माझ्या मामाचा बेंजो अजून माळ्यावर आहे. लाकडी खोकं, त्यावर धातूच्या तारा, तारांच्या वर बटणांची रांग. उजव्या हातात प्लॅस्टिकचा तुकडा, मामा तो जुनी साबणाची डबी कापून करायचा. डाव्या हाताची बोटं बटणांवर. बटण दाबलं की त्याखालची पट्टी तारेवर टेकते, तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. पण छेडलेला सूर लगेच विरतो. म्हणून उजवा हात थांबवायचाच नाही, सतत खाली-वर, खाली-वर. सनईसारखा लांब सूर हवा असेल तर मनगट शिवणयंत्रासारखं चालवायचं. लहानपणी मला खरंच वाटायचं की मामाच्या हातात मोटर बसवलेली आहे. पुढे त्यानं तारांखाली पिकअप (तारांचा आवाज स्पीकरला पोचवणारा) लावून घेतला आणि आमच्या चाळीतला बेंजो पलीकडच्या गल्लीत ऐकू जायला लागला. त्यानंतर विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याला कुणी हरवलं नाही.

शब्दखोर :
निवांतराव, मोल्सवर्थमध्ये सापडणारच नाही. त्याची सुधारित आवृत्ती १८५७ ची आणि हे वाद्यच १९१२ चं!
मूळ वाद्य जपानी. नाव 'ताइशोगोतो'. नागोया शहरातल्या मोरिता गोरो नावाच्या माणसानं ते केलं. कोतो हे जपानचं जुनं, जमिनीवर ठेवून वाजवायचं लांब तंतुवाद्य. ते शिकायला वर्षं जातात. मोरितानं त्याला टाइपरायटरच्या धर्तीची बटणं बसवली. बटणांवर आकडे, गाण्याची सुरावटही आकड्यांत लिहिलेली, की कुणालाही महिन्याभरात चाल काढता यावी. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून ताइशोचा कोतो. स्वस्त आणि सुटसुटीत असल्यामुळे जपानी मालाबरोबर ते आशियाभर बंदराबंदरांत उतरलं. आपल्याकडे ते 'बुलबुलतरंग' झालं. जत्रेत मिळणारा, आकडे छापलेला खेळण्यातला बुलबुलतरंग अनेकांना आठवत असेल. त्याच्याच तारा वाढल्या, अंग वाढलं, वीज जोडली गेली, की झाला तुमच्या मामांचा बेंजो.
म्हणजे वस्तू नागोयाची. नाव मात्र तिथलं नाही.

अनवट :
नाव आफ्रिकेचं. आज बँजो म्हटलं की अमेरिकेतला गोरा, टोपीवाला गडी डोळ्यांसमोर येतो. पण ते वाद्य पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडवलं. भोपळा कापून त्यावर कातडं ताणायचं, दांडा बसवायचा, तारा लावायच्या. सेनेगल-गाम्बियातल्या जोला लोकांचं 'आकोन्तिंग' बघा, चुलतभाऊच वाटेल. थॉमस जेफरसननं व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात त्याला 'बँजार' म्हटलंय आणि ते या लोकांनी आफ्रिकेतून आणलं असं सरळ लिहिलंय. पुढे एकोणिसाव्या शतकात गोरी मंडळी तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करणारे खेळ करू लागली, त्यात बँजो हटकून असे. असले खेळ बोटीनं मुंबई-कलकत्त्यालाही आले. म्हणजे 'बँजो' हा शब्द इथे जपानी खोक्याच्या कितीतरी आधी पोचलेला होता.

निवांत :
थोडक्यात, नाव पश्चिमेकडून आलं, वस्तू पूर्वेकडून, आणि दोघांची गाठ मुंबईत पडली?

शब्दखोर :
माझा तर्क तसाच आहे. विलायती, तारांचं, खणखणीत वाजणारं ते बँजो, एवढी ओळख लोकांना पुरली असणार. 'ताइशोगोतो' म्हणत कोण बसतंय! आणि हे आपणच केलं असंही नाही. इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या दक्षिणेला याच वाद्याला 'मंदालियोंग' म्हणतात. उघड आहे, मँडोलिन! त्यांनी दुसऱ्या पाश्चात्त्य वाद्याचं नाव चिकटवलं, आपण तिसऱ्या.

दर्यावर्दी :
वा, माझ्या आवडीचा विषय निघाला. तीस वर्षं बोटीवर काढली, इंजिनखात्यात. नव्वदच्या आसपास मोम्बासात बोट अडकून पडली होती. एका संध्याकाळी तिथल्या ओळखीच्या माणसानं लग्नाला नेलं. मांडवाबाहेरूनच आवाज आला आणि मी थबकलो. हा तर आपला बेंजो! आत जाऊन पाहिलं तर तेच खोकं, तीच बटणं. नाव विचारलं तर म्हणाला 'ताशकोता'. तेव्हा मला वाटलं ताशाशी काही संबंध असेल. आज शब्दखोरांचं वाचून उलगडा झाला. ताइशोकोतो, ताशकोता! म्हणजे त्यांनी जपानी नाव ठेवलं, आपण टाकलं.
आणखी गंमत म्हणजे गाणं स्वाहिलीतलं, पण चाल ओळखीची, आपल्या हिंदी सिनेमाची. त्या किनाऱ्यावर 'ताराब' नावाचा गाण्याचा प्रकार आहे, त्यात अरबी आणि हिंदी दोन्ही वळणं ऐकू येतात. जुमा भालो हे तिथलं मोठं नाव. हिंदी चित्रपटांच्या वळणाच्या चालींवर स्वाहिली शब्द, हीच त्यांची ख्याती. जागतिकीकरण म्हटलं की अमेरिका सगळ्यांना शिकवते असं चित्र रंगवतात. इथे जपानी वाद्य, मुंबईची चाल, आफ्रिकेतली भाषा, अमेरिका मांडवातसुद्धा नाही.
कराचीकडचे खलाशी भेटत, त्यांच्या तोंडी 'बेंजू' असे. बलुची लोकांचं ते आता घरचं वाद्य आहे, अंगानं आपल्यापेक्षा दांडगं.

गिरणगावकर :
'बेंजू' ऐकून बरं वाटलं. म्हणजे 'बे' म्हणणारे आम्ही एकटेच अडाणी नाही.

शब्दखोर :
अडाणी कसले? गुजराती माणूस बँकेला 'बेंक' लिहितो, त्याला कुणी हसत नाही. इंग्रजीतला तो 'ॲ' आपल्या भागातल्या कित्येक जिभांवर 'ए' होतो. माझं मत विचाराल तर दोन्ही लेखनं ठेवावीत, पण अर्थ वाटून. अमेरिकेतला कातड्याचा तो बँजो, बटणांचा तो बेंजो. २०१६ मध्ये याच मुंबईच्या वादकावर हिंदी चित्रपट आला, त्याचं नाव 'बँजो' ठेवलं होतं. दोन्ही अर्थ एकाच नावात कोंबल्यामुळे तेव्हाही कित्येकांना वाटलं की गिटारीसारखं काही असेल.

मायबोलीप्रेमी :
पण मुळात 'बुलबुलतरंग' हा सुंदर मराठी शब्द असताना परकी नाव कशाला वापरायचं? जलतरंग, बुलबुलतरंग, किती छान बसतं!

अनवट :
बुलबुल फारसी आहे हो.

शब्दखोर :
आणि बुलबुलतरंग हवा त्याला हवा, पण भर मिरवणुकीत जनरेटरवर वाजणाऱ्या त्या दणक्याला बुलबुल म्हणणं बुलबुलावर अन्याय आहे.
उलट उदाहरण पाहा. हार्मोनियम पॅरिसची. तिथे ती पायानं भाता मारून वाजवत. कलकत्त्यात तिचे पाय काढले, भाता हाताशी आणला आणि आपण तिला 'पेटी' म्हणून मोकळे झालो. कीर्तनात पेटीवर बसलेल्या माणसाला आपण परकं काही वाजवतोय असं क्षणभरही वाटत नाही. तरी आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलंच. कारण काय, तर तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, सूर ठोकळ्यासारखे सुटे पडतात. हाच दोष बेंजोतही आहे. शब्द मराठी की परका यावर वाद्याचं मराठीपण ठरत नाही, एवढंच म्हणायचंय.

मिनूची आई :
मला शब्दापेक्षा क्रियापदाची गंमत वाटते. निवांतकाका काय म्हणाले बघा, 'बेंजो सांगून झाला'. वाद्य कधी कुणी सांगतं का? तबला सांगितला, सतार सांगितली, असं आपण म्हणत नाही. पण आजी म्हणायची, 'वाजंत्री सांगितली का?' जेवण सांगतात, भटजी सांगतात, तशी वाजंत्री सांगतात. बेंजो जाऊन बसलाय तो थेट वाजंत्रीच्या पाटावर. म्हणूनच त्याचा अर्थ अख्खी पार्टी झाला, कारण वाजंत्री म्हणजेसुद्धा वाद्य आणि वाजवणारी माणसं, सगळी एकत्र.
आणि डीजे मात्र 'लावतात'. रेडिओ लावतात, पंखा लावतात, तसा. बेंजोत माणसं ऐकू येतात, डीजेत यंत्र.

गिरणगावकर :
ताई, निरीक्षण एक नंबर. पण आमच्याकडे डीजेही सांगतात आणि बेंजोही लावतात. दोन्ही कानावर येतं.

मिनूची आई :
येत असेल. पण सांगतात ते डीजेच्या मालकाला. मांडवात तो लावलेलाच असतो.

अनवट :
डीजेवरून आठवलं. इंग्रजीत डीजे म्हणजे तबकड्या लावणारा माणूस. मराठीत डीजे म्हणजे स्पीकरची भिंत. 'पोलिसांनी डीजे जप्त केला' ही बातमी वाचून परदेशी वाचकाला वाटेल, माणूस उचलला! पण जमैकात काय झालं बघा. १९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गल्ल्यांतून ढिगानं स्पीकर लावून नाच चालत, त्याला ते 'साउंड सिस्टिम' म्हणत. तिथे तबकडी लावणारा तो 'सिलेक्टर', आणि 'डीजे' म्हणजे माइकवर तालात बडबडणारा. तिथलाच एक मुलगा न्यूयॉर्कला गेला, कूल हर्क म्हणून गाजला, १९७३ मध्ये ब्राँक्समधल्या त्याच्या पार्टीपासून हिपहॉपची सुरुवात मोजतात. म्हणजे आपला डीजे खरं तर त्यांची साउंड सिस्टिम आहे आणि त्यांचा डीजे आपल्याकडे रॅपर म्हणून आला.
टेम्पोलाही भाऊ आहे. ब्राझीलमध्ये साल्वादोर शहरात १९५० च्या कार्निव्हलला दोघांनी जुन्या मोटारीवर चढून विजेवर वाद्यं वाजवली. पुढच्या वर्षी तिसरा आला, म्हणून नाव पडलं 'ट्रिओ इलेक्ट्रिको', विजेवरचं त्रिकूट. आज या शब्दाचा तिथे अर्थ आहे, वाद्यवृंद आणि स्पीकर वाहून नेणारा अख्खा ट्रक. वर तिघे असोत नाहीतर तेरा.

दर्यावर्दी :
ताशाचं कुणी काढलं नाही, म्हणून सांगतो. त्रिनिदादला तो 'तासा' आहे. गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची पहिली बोट १८४५ मध्ये तिथे लागली. आता लग्न असो, मोहरम असो, तासा वाजतोच. वाजवायच्या आधी पोरं कातडं जाळावर धरून तापवतात. आपल्याकडे प्लॅस्टिकचं पान आल्यापासून ते दिसेनासं झालं.

निवांत :
सगळ्यांचे आभार. काल पार्टीच्या म्होरक्याला हे सगळं फोनवर सांगितलं, जपान, आफ्रिका, बलुचिस्तान. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, ते राहू द्या. डीजे पण सांगितलाय का तुम्ही? तसं असेल तर आधीच सांगा, आम्ही साडेआठला आटपतो. दहानंतर तसंही बंद करावं लागतं, मग आमच्या वाट्याला काय राहतं?"
डीजे रद्द केला. कागदावर 'बेंजो' असंच छापलंय, खाली एक ओळ : अकरा माणसं, एक टेम्पो, पायांत चपला घट्ट बांधून या.

गिरणगावकर :
अकरात किटलीवाला पोऱ्या धरला का? त्याचं ताट वेगळं सांगावं लागेल.