ट्रेलर ओढायला टर्बो एकच पुरे की दोन?

घाटवाट (डेन्व्हर)
गाडी २००६ ची डॉज रॅम ३५००, इंजिन ५.९ लिटर कमिन्स, मागे १२,००० पौंडांचा ट्रेलर. उन्हाळ्यात आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगदा पार करून पलीकडे जायचं असतं. ओळखीचे डिझेलवाले ‘कंपाउंड टर्बो बसव’ म्हणून मागे लागलेत. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या (एक्झॉस्टच्या) जोरावर फिरून आत हवा दाबणारा पंखा. कंपाउंड म्हणजे एका रांगेत दोन टर्बो, मोठ्याने दाबलेली हवा धाकटा आणखी दाबतो.

माझं मत ठाम आहे, ओझं ओढायला हे नको. मूळ होल्सेट कंपनीचा टर्बो काढून बोर्गवॉर्नरच्या एस३०० मालिकेतला ६२-६३ मिमीचा एकच टर्बो लावावा, टर्बाइनचं (धुराने फिरणाऱ्या चाकाचं) हाउसिंग लहान ठेवावं आणि ट्यूनिंग सौम्य करावं. ओढणाऱ्या गाडीत कमाल हॉर्सपॉवर बघायची नसते. १,६०० ते २,४०० आरपीएममध्ये हवा किती लवकर भरते ते बघायचं. एकटा मोठा टर्बो तिथे जागाच होत नाही. डिझेल जातं, हवा येत नाही, मग काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान १,२५० फॅरनहाइटच्या वर फार वेळ राहू द्यायचं नाही हा इथला जुना ठोकताळा आहे, आणि तो पाळायलाच हवा. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत, जास्त तापले तर वितळतात.

कातळकडा
एकटा मोठा टर्बो वाईट, हे मान्य. पण नेमक्या तुमच्याच रस्त्यावर कंपाउंड लागतो. हिशोब करा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड). ३० पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्तीचा दाब, हवा असेल तर टर्बोला हवा साधारण तिप्पट दाबावी लागते. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे दाब उरतो जेमतेम पावणेदहा. तेच ३० पीएसआय आणायला चौपटीहून जास्त दाबावं लागतं. एकटा टर्बो तिथे त्याच्या कार्यक्षम पट्ट्याबाहेर जातो, चाक प्रमाणाबाहेर फिरतं, हवा नुसती तापते. दोन असले की प्रत्येकाने दुप्पट दाबली तरी चौपट होते. कुणालाच धाप लागत नाही आणि एक्झॉस्ट थंड राहतो. फोर्डने २००८ च्या ६.४ लिटर पॉवर स्ट्रोकला कारखान्यातूनच दोन टर्बो दिले होते.

घाटवाट
हिशोब बरोबर आहे. पण बोगद्याच्या तोंडाशी ३० पीएसआय हवंय कुणाला? तापमान वाढतं ते जास्तीच्या डिझेलने. जॉर्जटाउन सोडलं की एक गिअर उतरवायचा, आरपीएम २,३०० च्या आसपास ठेवायचा आणि उजव्या लेनमध्ये ४५ मैलांनी चढायचं. त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी दुप्पट पाइप, दुप्पट जोड, तेलाची वेगळी लाइन आणि काही हजार डॉलर कशाला घालायचे?

निळाधूर
तुम्ही दोघं चढाचंच बोलताय. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्के उतार आहे, त्याचं काय? माझी निवड व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो, म्हणजे आतल्या हलत्या पात्यांनी (व्हेननी) धुराची वाट लहान-मोठी करणारा. २००७ च्या मध्यापासून आलेल्या ६.७ कमिन्सला तो मूळचाच आहे. कमी आरपीएमला लवकर भरतो आणि उतारावर तोच एक्झॉस्ट ब्रेकचं काम करतो, म्हणजे धूर अडवून इंजिनाकरवी गाडी आवरतो. १२,००० पौंड मागून ढकलत असताना चाकांचे ब्रेक थंड राहणं मला चढावरच्या वेगाहून महत्त्वाचं वाटतं.

कातळकडा
काजळीने त्याच व्हेन अडकतात. शिवाय ५.९ वर तो बसवायचा तर वेगळा कंट्रोलर लागतो. साध्या टर्बोच्या मागे एक्झॉस्ट ब्रेकची झडप लावा, काम होतं.

पाना_पक्कड
टर्बो मागवण्याआधी एक काम करा. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे पाइप जोडणाऱ्या नळ्या, हाताने चाचपा. क्लॅम्पशेजारी तेलकट, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर हवा तिथून गळतेय. मग कितीही टर्बो लावा, धूर आणि तापमान तसंच राहणार. आणि पायरोमीटरचा (एक्झॉस्टचं तापमान मोजणाऱ्या मीटरचा) प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच हवा. टर्बोच्या नंतर बसवला तर ओझ्याखाली दोन-तीनशे डिग्री कमी दाखवतो आणि माणूस निर्धास्त दाबत राहतो.

संत्रानगर (कॅलिफोर्निया)
आमच्याकडे टर्बोला राज्याच्या हवा मंडळाचा ईओ (मंजुरीचा) क्रमांक नसेल तर स्मॉग चाचणीत गाडी अडकते, सिंगल असो की कंपाउंड. आणि नवा टर्बो बसवला म्हणून गाडीची ओढायची मर्यादा एक पौंडानेही वाढत नाही. दारावरचं स्टिकर तेच राहतं.

कातळकडा
बुटांचं पटलं. पण वर्षात अनेकदा हाच घाट असेल तर माझा सल्ला कंपाउंडच. गाडी ऑटोमॅटिक आहे का? ४८आरई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर आधी त्याचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) बदला, कुठलाही टर्बो घेतलात तरी.

घाटवाट
मॅन्युअल आहे, जी५६ गिअरबॉक्स, क्लच मूळचा. कंपाउंड नको म्हणण्याचं तेही एक कारण आहे. १,६०० च्या खाली एकदम टॉर्क आला तर तो क्लच घसरतो. प्रोब मॅनिफोल्डमध्येच आहे. बूट या शनिवारी उघडतो आणि काय दिसतं ते इथेच लिहितो.