घंटी, भोंगा की चार्जिंगचा हॉर्न? सांगली-मिरजेच्या सायकलवाल्यांनो, अनुभव लिहा

दसऱ्यानंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या ट्रॉल्यांमुळे आमच्या रस्त्यावर सायकलला जागा उरत नाही. मी विश्रामबागेतून मार्केट यार्डाच्या बाजूला कामाला जाते. एरवी घंटीवर भागत होतं. यंदा घरच्यांनी हट्ट करून हँडलला चार्जिंगचा हॉर्न बसवून दिला. खोक्यावर १२० डेसिबल लिहिलंय. तेवढे असतील-नसतील, पण वाजतो मात्र असा की पुढची रिक्षा आपोआप बाजूला होते.

उपयोग होतो, हे खरं. आणि तो वाजवताना मला संकोच वाटतो, हेही खरं. समोर भाजीची पिशवी घेतलेल्या आजी दिसल्या की अंगठा बटणावर टेकतच नाही. मग मी "आजी, जरा सरकता का" असं तोंडानेच म्हणते.

तर तुम्ही काय लावलंय, ते कोणावर चालतं, कोणावर चालत नाही, शिव्या कोणाच्या खाल्ल्या, सगळं लिहा. "हेल्मेट घाला" एवढं सोडून. घालते.

— धागाकर्ती, विश्रामबाग

*

मोठ्या हॉर्नचा एक घोटाळा आहे आणि दुकानदार तो सांगत नाही. मिरजेहून सांगलीला येताना विलिंग्डन कॉलेजच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला माझ्यापुढे रमतगमत चालला होता, मोबाइल खांदा आणि कानाच्या मधे. मी हॉर्न दाबला. तो दचकला आणि त्याने उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. काय शोधत होता? ट्रक! एवढा आवाज म्हणजे ट्रकच असणार, ही त्याची समजूत. ट्रकला वाट द्यायला भला माणूस डावीकडे दाबला, आणि डावीकडे मी. आम्ही दोघेही मातीत उतरलो. पडलो नाही, पण त्याने जे ऐकवलं त्यात चूक काही नव्हतं. "सायकल हाय तर सायकलवानी वाजीव की लका!"

तेव्हापासून दुचाकीवाल्यांना घंटी. घंटी ऐकून माणूस सायकलच शोधतो, आणि ती जिथे असते तिथेच बघतो. हॉर्न फक्त काचा वर करून बसलेल्या चारचाकीसाठी ठेवलाय, म्हणजे बाजूच्या गल्लीतून नाक काढणारी किंवा दुकानासमोरून न बघता रिव्हर्स येणारी. तिथे घंटीचं काही चालत नाही. एसी, गाणी, बंद काचा. आत बसलेल्याला त्याच्या गाडीचं इंडिकेटर तेवढं ऐकू येत असेल.

— रोजचा मिरज-सांगली

*

माझं वय पंचाहत्तर. सायकल अजून चालवतो, आता फक्त सकाळी आणि आमराईपर्यंतच.

आमच्या वेळी सायकलला घंटी, दिवा आणि नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री विनादिव्याचं सापडलं की पोलीस चाकाची हवा सोडायचा, वर डबलसीट असलं तर दोघांनाही चालवत न्यायचा. डायनामो असणारी मुलं श्रीमंत. बाकीचे आम्ही चौक जवळ आला की खाली उतरून सायकल हातात धरून, अगदी साळसूदपणे चालायचो.

घंटीचं दुखणं वेगळं होतं. कॉलेजच्या सायकल स्टँडवर कुलूप लावलेली सायकल जागेवर राहायची, घंटीची वाटी मात्र जायची. वाटी हाताने फिरवली की सुटते, पाना-बिना काही लागत नाही. ज्याची गेली तो दुसऱ्याची काढणार, दुसरा तिसऱ्याची. स्टँडवर कायम एका घंटीचा तुटवडा आणि तो फिरत असायचा. काही हुशार मुलं वर्गात जाताना वाटी काढून खिशात घालायची. मास्तरांनी फळ्याकडे तोंड केलं की बाकावर टिचकी मारून टण्ण करायचे ते हेच.

घंटी वाजत नाही म्हणून नवी आणायला जाऊ नका. वाटी फिरवून काढा. आत दांडीला जोडलेलं दातऱ्याचं चक्र दिसेल, त्याच्यावर फिरणारी पट्टी आणि पट्टीच्या दोन टोकांना सैल बसवलेल्या दोन चकत्या. अंगठ्याने दांडी ओढली की पट्टी गरकन फिरते, चकत्या बाहेर फेकल्या जातात आणि वाटीच्या आतल्या कडेवर आपटतात. पावसाळ्यात तिथे गंज आणि माती बसते, चकत्या चिकटतात आणि मग नुसतं खर्र होतं. जुन्या टूथब्रशने घासा, दातऱ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका. वाटीला आतून तेल लागू देऊ नका. आणि बसवताना वाटी ब्रेकच्या वायरला टेकत नाही ना, तेवढं बघा. टेकली की आवाज मेलाच.

— जुना विलिंग्डनकर

*

आजोबा, वाटीचं वाचून हसू आवरेना. आमच्या वडिलांची सायकल अशी होती की घंटी सोडून सगळं वाजायचं. घंटीची गरजच पडली नाही.

— हळदीच्या पेठेतला

*

मी सांगलीवाडीचा. दूध घालतो. दोन किटल्या मागं, एक पुढं. आयर्विन पुलावरून रोज येनं-जानं. पूल १९२९ चा, तवाच्या गाड्यांच्या मापाचा. त्यावर सायकलनं मधी चालावं लागतंय, कडंला गेलं तर दुचाकीवाली दाबत्यात.

माझ्याकडं रबरी भोंगा हाय. पाँ-पाँ. हा भोंगा गाड्यांसाठी न्हाईच. गिऱ्हाईकाला कळाय पायजे दूध आलं म्हणून. गल्लीत पाववाला पन भोंगाच वाजवतोय, पन त्याचा लांब असतोय, माझे दोन तोकडे. बायका आतनंच वळखत्यात आनि पातेलं घिऊन येत्यात. एकदा भोंगा फाटला तवा आठवडाभर दारोदारी हाका माराय लागल्या, घसा बसला.

आता कुत्र्यांचं सांगतो, ते कुनी लिवलं न्हाई. पहाटं चारला रस्त्यावर मानूस नसतोय, कुत्रीच असत्यात. पोरानं मला चार्जिंगचा हॉर्न आनून दिला हुता. वाजीवला की कुत्री पळायची सोडून चवताळली, आनि एका गल्लीचं बघून फुडच्या गल्लीची बी. त्यो हॉर्न पोराला परत दिला. कुत्र्याफुडं आवाज करायचाच न्हाई. पाय थांबवायचा, सायकल हळू करायची, "हाड" म्हनायचं ते बी हळूच. वळखीची झाली की ती सोताच वाट देत्यात.

— दूधवाला

*

एकट्या बाईच्या दृष्टीने सांगते. संध्याकाळी हरिपूर रस्त्याने येते. झाडांची दाट सावली, दिवे कुठे आहेत कुठे नाहीत. मोटारसायकलवरची पोरं कधीकधी शेजारून तेवढ्याच वेगाने चालत राहतात, काही बोलत नाहीत, पुढेही जात नाहीत. अशा वेळी मी हॉर्न दाबून धरते, अंगठा काढतच नाही. आसपासच्या घरांतली माणसं दारात येतात. पोरांना तेवढंच नको असतं.

घंटीने हे काम होणार नाही. धागाकर्तीला वाटतो तसा संकोच मला वाटत नाही, आणि मी तो बाळगणारही नाही.

— हरिपूर रोड

*

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकतो, म्हणून डेसिबलवर दोन शब्द. खोक्यावरचा आकडा हॉर्नच्या तोंडापाशी मोजलेला असू शकतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. एक मीटरवर १२० असेल तर आठ मीटरवर १०२ च्या आसपास. म्हणजे पुढच्या माणसाला कमी आणि हँडलवर वाकलेल्या स्वतःलाच जास्त. रोज वाजवत असाल तर आधी आपल्या कानांची काळजी करा.

दुसरं, कायदा. विनाकारण किंवा सारखा हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या १९४-एफ कलमाने पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे, पण तो मोटार वाहनांना. सायकल मोटार वाहन नाही. त्याचा अर्थ कुठेही बोंबलत जा असा मात्र होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं आणि आता तर पावलोपावली दवाखाना. १००-१०० मीटरची वर्तुळं काढत गेलात तर मिरजेत हॉर्न वाजवायला जागा सापडणं अवघड.

— मेकॅनिकल, तिसरं वर्ष

*

मिरजेत आमच्या घरी तंबोरे-सतारी करतात, त्यामुळे कान जरा जास्तच चिकित्सक. बाजारातल्या पातळ पत्र्याच्या घंटीचा आवाज मोठा असतो पण लगेच मरतो. जाड पितळी वाटीची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लांब टिकते. एकदाच टण् केलं की पुढचा माणूस वळेपर्यंत ती हवेत असते, पुन्हा पुन्हा वाजवावी लागत नाही. दुकानात गेलात तर चार वाट्या देठाला धरून नखाने वाजवून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

— तारांच्या गल्लीतून

*

सगळ्यांना रामराम. माझा भाऊ ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो, मी पण दोन सीझन केलेत. आमच्यावर सगळे तोंडसुख घेतात म्हणून इथं आमची बाजू.

मागून तुम्ही घंटी वाजवा, हॉर्न वाजवा, अगदी बँड आणा. ऐकू येत नाही. इंजिनचा आवाज, त्यावर टेप. टेप मोठा का, तर रात्रभर जागं राहायचं असतं. ऊस तोडीच्या फडावरून निघून कारखान्यावर नंबराला लागायचं, कधीकधी दुसरा दिवस उजाडतो. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. आरसा असला तरी त्यात ऊसच दिसतो. मागचा सायकलवाला आमच्या लेखी नसतोच.

म्हणून एकच सांगणं. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जागेच्या शेजारी कधी राहू नका. वळणावर मागची ट्रॉली आत कापते, पुढची गेली म्हणजे सगळं गेलं असं नसतं. ओव्हरटेक करायचाच असेल तर उजवीकडून, सरळ रस्त्यावर, एका दमात. ड्रायव्हरच्या बरोबरीला आलात की हात वर करा. हात दिसतो. नाहीतर सरळ थांबा आणि जाऊ द्या, आम्ही चढावर तुमच्यापेक्षा हळू असतो पण थांबत नाही.

— ट्रॅक्टरवाला, मिरज पूर्व

*

हे मला कोणीच इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. आत्तापर्यंत मी ट्रॉलीच्या मागे राहून वाजवत बसायचे आणि ड्रायव्हर मुद्दाम दुर्लक्ष करतो असं धरून चालायचे. आभार, दादा. टेप जरा कमी करा म्हणणार होते, आता नाही म्हणत.

— धागाकर्ती

*

साताऱ्याचा आहे, चालेल का? यवतेश्वरच्या घाटात उतारावर सायकलचा आवाज येत नाही आणि वेग मोटारसायकलचा. तिथे वळणाआधी मोठा हॉर्न हवाच, घंटी वाऱ्यात जाते. शनिवार-रविवारी, कासला फुलं असताना, वळणावर उभं राहून फोटो काढणारी मंडळी रस्त्याच्या मधोमध असतात. बोगद्यात मात्र साधी घंटीसुद्धा दहा सायकली आल्यासारखी घुमते.

— बोगद्याजवळचा

*

मी सायकल चालवत नाही, चालतो. पायी चालणाऱ्यांचं कोणी ऐकणार असेल तर सांगतो. घंटी पाठीला टेकल्यावर वाजवू नका. पंधरा-वीस पावलं आधी, एकदा. मग मला कळतं आणि मी माझ्या चालीने बाजूला होतो. अगदी जवळ येऊन वाजवलं की माणूस बावरतो, एक पाय डावीकडे, एक उजवीकडे, आणि तुम्ही पण तसेच. वय झालं की कान जातात, त्यामुळे वाजवूनही कोणी हललं नाही तर तो माजला असं समजू नका.

— गणपती पेठ ते घाट, रोज सकाळी

*

एवढं वाचल्यावर मी ठरवलंय: डाव्या अंगठ्याला हॉर्नचं बटण, उजवीकडे घंटी. हॉर्न चारचाकी आणि अंधारासाठी, बाकी घंटी. सध्याची घंटी पत्र्याची आहे, ती काढून तारांच्या गल्लीतून म्हणतात तशी जाड पितळी वाटी टाकायची आहे. नुसती वाटी सुटी मिळते का कुठे?

— धागाकर्ती

*

मिळते, जुन्या सायकल दुकानांत विचारा. पण आपली घंटी बरोबर घेऊन जा आणि आटे तिथेच बसवून बघा. जुन्या मापाची वाटी नव्या घंटीवर दोन फेरे जाते आणि अडकते, मग जोर लावून आटे मारू नका.

— जुना विलिंग्डनकर