मदत हवी आहे: जलरंगात धुक्यातले दिवे कसे रंगवायचे?

नमस्कार मंडळी,

संध्याकाळचा, धुक्यातला शहरी रस्ता जलरंगात रंगवतेय. कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत). रंग तीनच: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). लांबच्या इमारती पहिल्या ओल्या वॉशमध्येच (पातळ रंगाच्या थरात) सोडते, त्या छान विरघळतात. तिथे निळा मुद्दाम कमी ठेवलाय. स्वच्छ हवेत लांबचं निळसर दिसतं, दाट धुक्यात मात्र ते नुसतं फिकट करडं होत जातं.

अडतंय दिव्यांपाशी. पिवळसर वलय बाहेरच्या गडद रंगात अलगद मिसळायला हवं. कागद ओला असताना गडद रंग लावला की तो थेट दिव्यापर्यंत पसरतो आणि वलय मळतं. वाळल्यावर लावला तर कडक कड येते, दिवा वरून चिकटवल्यासारखा वाटतो. मास्किंग फ्लुइडने (कागद झाकून नंतर सोलून काढायच्या द्रवाने) मधला पांढरा ठिपका वाचतो, पण वलयाचं काय? पांढरा गॉश (अपारदर्शक रंग) नकोय, उजेड कागदाचाच हवा.

गडद रंग लावायची नेमकी वेळ कशी ओळखता? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:

ताई, एका ओलीत सगळं उरकू नका. आधी दिव्याचा ठिपका कोरा सोडून वलयाचा पातळ पिवळा लावा आणि पूर्ण वाळू द्या. मग मऊ, रुंद ब्रशने तो सगळा भाग हलक्या हाताने पुन्हा ओला करा. घासू नका, खालचा रंग उठेल. आता कागद तिरका धरून बघा. पाण्याची चकाकी जाऊन नुसती ओल उरली की तीच वेळ. ब्रशवर कागदापेक्षा कमी पाणी आणि रंग दाट हवा, नाहीतर फुलकोबीसारखे डाग उठतात. गडद रंग बाहेरून आत आणा आणि वलयाच्या अलीकडेच थांबा, उरलेलं अंतर तो स्वतः कापतो.

आणि भोवतालचा टोन धीटपणे उतरवा, म्हणजे गडद करा. इंग्लिश चित्रकार टॉमस गर्टिनचं १८०० सालचं, लंडनच्या चेल्सी भागातल्या पांढऱ्या घराचं जलरंगचित्र बघा. ते घर म्हणजे जवळपास कोरा कागद, पण सांजवेळेच्या मंद रंगांत नजर आधी तिथेच जाते. तुमचा करडा फिका राहिला तर कितीही जपलेला पांढरा उजळणार नाही.

ताई (धागाकर्ती):

मनापासून आभार! पुन्हा ओलं करताना अल्ट्रामरीन उठण्याची भीती वाटते. दुसऱ्या ओलीसाठी स्प्रे बाटली वापरली तर चालेल का?